बातमी तळापासून वाचणारे सरकाका

“टॉवरनंच खाल्लं बघा सरांना,” बाहेरच्या खोलीत कुणीतरी आवाज खाली आणून म्हणालं. मी सरांच्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होते. गाळणं तसंच हातात राहिलं. “व्हय की, चांगला धडधाकट माणूस…” असं म्हणून दुसऱ्या कुणीतरी सुस्कारा सोडला. मग कपबश्यांचा आवाज आला आणि बोलणं पुन्हा ऊसतोडीवर गेलं. काकू माझ्या शेजारीच ओट्याला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. त्यांनीही ऐकलं होतं. त्या पदराच्या टोकाची घडी घालत राहिल्या, उलगडत राहिल्या.

सरकाकांना जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. दुपारी जेवून ते पेपर घेऊन कॉटवर आडवे झाले, काकूंनी खाली चटई टाकली आणि दोघांचाही डोळा लागला. चहाच्या वेळेला काकूंनी हाक मारली… डॉक्टरांनी येऊन हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. त्याच्या पुढचं कुणी विचारलं नाही. मी ऑफिसात होते. पप्पांचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, सरकाकांनी काहीतरी शोधायला सांगितलं असेल. त्यांचे निरोप पप्पांच्याच फोनवरून यायचे.

मंगळवार पेठेत आमचं घर त्यांच्या घरासमोर. ते एका शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. मम्मी मला काका म्हणायला शिकवायची. दोन्हींचा मान ठेवायचा म्हणून मी लहानपणी सरकाका म्हणायला लागले आणि तेच राहिलं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, फिरायला जातात. सरकाका तालमीच्या फलकापुढे जायचे. कोल्हापुरात प्रत्येक तालमीच्या भिंतीवर असा काळा फलक असतो. त्यावर कुणाचं अभिनंदन, कुणाचं रक्षाविसर्जन, फुटबॉलचा निकाल असं काय काय असतं. आमच्या फलकाची डावी बाजू सरकाकांची होती. तिथे ते त्यांच्या सुंदर, गोलाईदार अक्षरात विज्ञानाची किंवा तंत्रज्ञानाची एखादी बातमी लिहायचे, खाली ‘शंका’ असं लिहून रेघ मारायचे आणि आपली शंका मांडायचे. त्याच्याखाली मुद्दाम जागा सोडलेली असायची. खिडकीच्या कठड्यावर खडूचा तुकडा ठेवलेला असायचा. कुणीही यावं, लिहावं.

मी इंग्लिश मीडियमला होते. व्हॅन मला तालमीपाशी सोडायची आणि घरी जाण्याआधी मी फलकापुढे उभी राहून एकेक अक्षर लावत बसायचे. जोडाक्षर आलं की ओठ हलायचे. एकदा मागून आवाज आला, “अक्षर लागंना झालंय?” मी म्हटलं, लागतंय. “मग अर्थ लागंना?” मी मान हलवली. “मलापण लागंना झालाय,” ते म्हणाले. “म्हणून तर लिवलंय की.” मोठं माणूस असं म्हणू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या शाळेत न कळणं ही लपवायची गोष्ट होती. मी ती उत्तम लपवायचे.

त्यांची बातमी वाचायची रीत वेगळी होती. ते तळापासून वाचायचे. आधी शेवटचा परिच्छेद, मग त्याच्यावरचा, आणि मथळा सगळ्यात शेवटी. काकू एकदा म्हणाल्या, ह्यांना पेपर उलटा दिला तरी चालंल. त्यावर सरकाका म्हणाले, “भाकरी भाजलीया का न्हाय ते तू वरनंच बघून सांगतीस? उलटूनच बघतीस न्हवं?” त्यांचं म्हणणं असं, की मथळ्यात औषध सापडलेलं असतं आणि शेवटच्या ओळीत ते उंदरांवर करून बघितलेलं असतं. पेपरात जागा कमी पडली की नेमकी तीच ओळ कापली जाते. मला फोन मिळाला तेव्हापासून ही कापलेली शेपटं शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी मूळ इंग्लिश बातमी शोधायची, शेवटचा भाग वाचायचा आणि मराठीत सांगायचा. मला मराठी शब्द सापडेपर्यंत ते थांबायचे. कधीच सुचवायचे नाहीत. माझं मराठी असं, उंदरांच्या संगतीने सुधारलं. गल्लीतही तो शब्द रुजला होता. तालमीचे अध्यक्ष बंडादादा लांबूनच ओरडायचे, “सर, आज माणसं का उंदरं?” सरकाका खडू न थांबवता म्हणायचे, “उंदरंच. पण खूश हाईत.”

त्यांच्या सगळ्या शंका बरोबर निघायच्या असं मात्र नाही. किराणा दुकानात फोन दाखवून पैसे द्यायची पद्धत आली तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, ‘चौकोनी नक्षीचा फोटो काढला की पैसे पोहोचणार म्हणे. शंका : नक्षीवर ऊन पडलं तर?’ खाली कुणीतरी लिहिलं, ‘सर, छत्री धरा.’ पुढे बरेच दिवस ते त्या किराणावाल्याच्या दुकानात उगाच उभे राहून बघायचे. मग एके सकाळी फलकावर मोठ्या अक्षरात आलं : ‘पैसे पोहोचतात. उन्हातही पोहोचतात. माझी शंका चुकली.’ ते त्यांनी आठवडाभर पुसलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन तर त्यांनी वर्षभर लांबवलं, कारण आत बसवायच्या भिंगाबद्दल जे छापून आलं होतं त्याचं शेपूट त्यांना मिळालं नव्हतं. “डोळ्यांनी दिसंना झालंय, पण शंका तेवढ्या लख्ख दिसत्यात ह्यांना,” काकू म्हणायच्या. शेवटी त्यांनीच दवाखान्यात नेलं. पट्टी निघाल्यावर सरकाकांनी फलकावर ना बातमी लिहिली, ना शंका. एवढंच लिहिलं : ‘रंग परत आले. पिवळा इतका पिवळा असतो हे विसरलो होतो.’ त्या दिवशी खालच्या मोकळ्या जागेत कुणीही काही लिहिलं नाही.

मी कॉलेजला गेले त्या वर्षी जयसिंगपूरच्या कुणी एकाने पाण्यावर चालणारी मोटारसायकल केल्याची बातमी आली. सरकाका म्हणाले, हे शेपूट फोनवर न्हाय मिळायचं, जाऊन बघाय पायजे. कुणी इंग्लिश कागद दाखवला तर वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं. एसटीने गेलो. तो माणूस अगदी अगत्याचा निघाला, गॅरेजमध्येच खुर्च्या मांडून त्याने आम्हाला पोहे दिले. गाडी खरंच चालली. सरकाका तिच्या मागच्या सीटवर बसून शेजारच्या मोकळ्या जागेत चक्कर मारून आले. शर्ट वाऱ्याने फुगला होता आणि चेहरा सहलीला आलेल्या मुलासारखा झाला होता. मग त्यांनी टाकी बघू का, असं विचारलं. “ते तेवढं दाखवता येत न्हाय सर,” तो म्हणाला. “फॉर्म्युला हाय.” परतीच्या एसटीत मी म्हटलं, तो खोटं बोलत होता ना?

“तुला दिसलं खोटं?”

“नाही. पण…”

“मग जेवढं दिसलं तेवढंच बोलायचं. त्यानं पोहे झकास केलते, ते पण खरं हाय.”

दुसऱ्या दिवशी फलकावर आलं, ‘गाडी पाहिली. चालते. टाकी पाहू दिली नाही.’ खाली कुणीतरी वैतागून लिहिलं, ‘म्हणजे खरं का खोटं?’ मलाही राग आला होता. इतक्या लांब जाऊन यायचं आणि उत्तर नाही द्यायचं, हे मला पळपुटेपणाचं वाटलं. पण मी ते बोलले नाही, लिहिलंही नाही. कठड्यावरचा खडू मी कधीच उचलला नाही. माझ्या गप्प बसण्याला सरकाकांनी कधी नाव ठेवलं नाही. ते एकदा मम्मीला म्हणाले होते, ती बघत असती, बघू दे. हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं… अजून आठवतं.

दोनेक वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका बिल्डिंगवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला. गल्ली पेटली. चिमण्या गेल्या, डोकी दुखायला लागली, झोप उडाली, सगळं टॉवरच्या नावावर जमा झालं. बंडादादांनी सरकाकांना फलकावर विरोधात लिहायला सांगितलं. सरकाका आणि मी कितीतरी संध्याकाळी त्यांच्या कॉटवर बसून शेपटं वाचत होतो. शेवटी त्यांनी लिहिलं : ‘टॉवरने आजार होतात याचा पुरावा मला अजून मिळालेला नाही. पण गल्लीतल्या कुणालाही न विचारता टॉवर उभा केला, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याला माझा विरोध आहे.’ पहिल्या वाक्यामुळे गल्ली नाराज झाली, तिसऱ्यामुळे बिल्डिंगचा मालक. काही दिवसांनी पहिलं वाक्य सगळे विसरले. सर टॉवरच्या विरोधात होते, एवढंच राहिलं.

चहा गाळताना टॉवरचं ते बोलणं ऐकलं, त्या दिवशी चहाचे कप नेऊन ठेवले, माणसं उठून गेली आणि घरात काकू, मी आणि धुवायची भांडी राहिलो. काकू रोज तेच बोलत होत्या. आधी तुटक, मग एका लयीत. “त्यांनी हाक मारली असंल गं. नक्की मारली असंल. मी खालीच हुतो की, हाताच्या अंतरावर. मला मेलीला झोप लागली.” अशा वेळी काय म्हणतात ते मला कुठल्याच भाषेत येत नाही. पण त्या दिवशी भांडी पुसता पुसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “टॉवरच असंल. न्हवं? तसं असलं तर… मग माझ्या झोपंचा काय संबंध न्हाय.” इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला होता. मी ताटं फडताळात लावत राहिले.

संध्याकाळी बंडादादा आले. बरोबर तालमीचे दोघंतिघं होते. बंडादादा खाली बसले आणि कॉटकडे बघत राहिले. “मला ड्रॉइंगात पास केलंतं सरांनी,” ते म्हणाले. “मी हत्ती काढलाता, त्यांनी इचारलं, ही म्हस कुणाची. तरी पास केलं.” सगळे हसले, काकूही हसल्या, आणि मग बंडादादांनी रुमाल डोळ्यांना लावला. ते जे सांगायला आले होते ते त्यानंतर बोलले. फलकाच्या सरांच्या बाजूला सरांचा फोटो लावायचा. खाली लिहायचं, टॉवरचा पहिला बळी. रविवारी मोर्चा. सर आयुष्यभर जे सांगत आले ते लोकांना आता पटेल. “काकू, तुम्ही व्हय म्हणा फक्त. सरांचं नाव मोठं हुईल.”

ते मनापासून बोलत होते. त्यात लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं. मला तो फलक डोळ्यांसमोर दिसत होता. ज्या जागी त्यांनी इतकी वर्षं फक्त माहीत होतं तेवढंच लिहिलं, तिथे त्यांच्याच फोटोखाली त्यांना कधीच न पटलेलं वाक्य येणार होतं, आणि त्याच्याखाली ‘शंका’ लिहायला तेच नव्हते. दुसऱ्या बाजूला काकू होत्या. त्या वाक्याने त्यांना रात्री झोप लागणार होती.

काकू म्हणाल्या, “मला काय कळतंय बाबा त्यातलं. हिला इचारा. ही बसायची त्यांच्यासंगं वाचत.”

सगळे माझ्याकडे वळले. मी भिंतीला टेकून उभी होते. बंडादादा म्हणाले, “सांग की पोरी. सर टॉवरच्या इरुद्धच हुते का न्हाय?”

मी म्हटलं, “विरोधात होते. पण आजारामुळे नाही. न विचारता उभा केला म्हणून. त्यांनी तसं लिहिलं होतं.” आवाज माझा मलाच लहान वाटला.

“ते आधीचं झालं गं. आता माणूस गेला न्हवं?” बंडादादा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “मग तू म्हणतीस काय, टॉवरनं न्हाय गेले?”

काकूंच्या हातात पदराचं टोक होतं आणि घडी अर्धवट राहिली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या, जसं डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात. मला कळलं की मी गप्प बसले तर फलकावर ते वाक्य येईल, आणि बोलले तर काकू पुन्हा त्या चटईवर जाऊन पडतील. कधी नव्हे ते मी भिंत सोडली आणि त्यांच्यापुढे जाऊन खाली बसले.

“टॉवरनं गेले का, मला माहीत नाही, काकू. इथं कुणालाच माहीत नाही. पण तुम्हाला झोप लागली म्हणून सरकाका गेले, ह्याला तर कसलाच पुरावा नाही.”