आता तुमची झडती

माझी पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली.

डबा पडला. झाकण उघडलं आणि चटणीचं तेल सांडलं. वायरी जोडायचं सोल्डरिंगचं पेन पडलं, वायरींचं भेंडोळं पडलं, कार्ड वाचायचं छोटं यंत्र पडलं. मग ओढणीत गुंडाळलेलं पॅडचं पाकीट पडलं. एका पोरानं ते उचललं, आत बोटं घालून चाचपलं आणि बाजूला ठेवलं. हॉलभर माणसं होती. हातात चहाचे कागदी कप. सगळे बघत होते आणि बघत नसल्यासारखं दाखवत होते.

संयोजकांचा फोन सापडत नव्हता. महागाचा फोन. हॉलमध्ये सगळ्यांजवळ पिशव्या होत्या. उपडी झाली ती एकट्या माझी.

जागा लातूरचं एक मंगल कार्यालय. त्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आणायची वेळ आली होती. लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती, कारण वऱ्हाडाला पाजायचं काय? कार्यालय रिकामं होतं, म्हणून तिथं हॅकर लोकांचा मेळावा भरला होता. हॅकर म्हणजे काय, ते सकाळीच संयोजकांनी माइकवर सांगितलं. ज्याला बंद वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तो हॅकर. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, माझी जात भेटली एकदाची.

अशा मेळाव्यांत एक टेबल कुलपांचं असतं. किल्लीशिवाय कुलूप उघडायचं. चोरीसाठी नाही, कुलूप आतून कसं चालतं ते कळावं म्हणून. नांदेडला डिप्लोमा करताना मी या टेबलावर पहिल्यांदा बसले होते आणि मला ते लई आवडलं होतं. लातूरला सकाळी पोरं त्या टेबलाभोवती घाम गाळत होती. मी बसले. कुलूप उघडलं. दुसरं दिलं, तेही उघडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. संयोजक माइक घेऊन जवळ आले. सगळे त्यांना सर म्हणत. मोंढ्यातल्या मोठ्या अडत दुकानदाराचा मुलगा, पुण्यात शिकून परत आलेला. त्यांनी विचारलं, कुठून आलीस, कुणाची? मी तालुक्याचं नाव सांगितलं. पारधी वस्तीवरची म्हणून सांगितलं. लपवायचं काय त्यात?

सर माइकवर बोलले, "पारधी हाय का? मग हिला काय शिकवून राहिलो आपण? कुलूप तर ह्यांच्या रक्तातच हाय."

हॉल हसला. पोट धरून हसला. त्यांची पोरं कुलूप उघडायला शिकली तर ती कला, आणि मला येतं तर ते रक्त. आणि दुपारी सरांचा फोन दिसेना, तेव्हा त्या हसण्याची आठवण सगळ्यांना एकदम झाली. कुणी बोट दाखवलं नाही. बोट दाखवायची गरजच पडली नाही.

झडती मला नवीन नाही. लहान होते तेव्हा आठवडी बाजाराच्या दिवशी वस्तीवर पोलिसांची गाडी यायची. गावात कुठं काही गेलं की गाडी आमच्याकडं. ज्वारीचं गाडगं ओतायचे, गोधड्या उसवायचे, आईच्या पोलक्यापर्यंत जायचे. बाप हात बांधून उभा. काही सापडायचं नाही. मग बापालाच घेऊन जायचे. मी शिकले ते यातून सुटायला. लोकांना वाटतं गरिबीतून सुटायला. नाही. झडतीतून सुटायला. आणि इतकं शिकून मी पुन्हा टेबलाजवळच उभी होते. ओतलेल्या पसाऱ्यासमोर. हात बांधून. माझे हात आपोआप बांधले गेले होते, हे मला तेव्हा दिसलं आणि डोक्यात तिडीक गेली.

मी तिथं कशासाठी गेले होते ते आता सांगते. हौस म्हणून नव्हते गेले. माझं भाषण होतं, जेवणानंतर. विषय होता पाण्याची कार्डं.

आमच्या तालुक्याचा जिल्हा होणार अशी तेव्हा हवा होती. चौकाचौकात नव्या जिल्ह्याचे फलक लागलेले, नळ मात्र कोरडे. तालुक्याच्या गावाचं नाव मी कोर्टात घेतलंय, इथं घेत नाही. नव्या जिल्ह्याला शोभेल असं काही तरी पाहिजे म्हणून एका कंपनीनं पाण्याची यंत्रं बसवली. घरटी एक कार्ड. कार्ड यंत्राला लावलं की पडद्यावर कार्डवाल्याचं नाव येतं, तोटीतून पाणी येतं. कुणी किती नेलं ते यंत्र लक्षात ठेवतं. आमच्या वस्तीलाही कार्डं मिळाली. आईनं तिचं कार्ड गळ्यात बांधलं होतं. तिचं नाव पडद्यावर उमटायचं तेव्हा ती उगाच दोनदा बघायची. वाचता येत नाही तिला. तरी बघायची.

मग कंपनीच्या ध्यानात आलं की वस्तीच्या कार्डांवर भरलेल्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त पाणी निघतंय. यंत्र सांगतंय, पारध्यांनी नेलं. यंत्र खोटं बोलतं का? झालं. वस्तीची सगळी कार्डं बंद. ऐन वैशाखात. गावभर बोभाटा, पारध्यांनी पाणीसुद्धा सोडलं नाही. आई आणि बाकीच्या बाया एका खाजगी विहिरीवर जायला लागल्या, तिथला मालक जे बोलायचा ते मी लिहीत नाही. माझ्या चुलतीनं तिथं जाणं सोडलं आणि डबक्यातलं पाणी पिऊन ती आणि तिचं तान्हं दोघं दवाखान्यात पडली. दोघं वाचली. तेवढं बरं झालं.

मी कार्ड उघडून बघितलं. चूक इतकी साधी होती की हसू यावं. असं कार्ड कारखान्यातून येतं तेव्हा त्याला एक छुपा आकडा असतो, किल्लीसारखा. विकत घेणाऱ्यानं तो बदलून आपला घालायचा असतो. कंपनीनं तो बदललाच नव्हता. दुकानातून आणलेल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली, आणि ती किल्ली बाजारात कुणालाही ठाऊक. कार्ड मिनिटभर दुसऱ्याच्या हातात गेलं की त्याची नक्कल निघते. आणि कार्डात पैसे भरायला आमचे लोक ते दुकानात देत होतेच. कुणी तरी आमच्या कार्डांच्या नकला काढून पाणी नेत होतं. कोण, ते मला आजही माहीत नाही. नाव मात्र आमचं उमटत होतं.

हॅकर लोकांत एक रीत आहे. कुणाच्या वस्तूत भोक सापडलं तर आधी गुपचूप मालकाला कळवायचं. त्याला दुरुस्तीला वेळ द्यायचा. तोवर चारचौघांत बोलायचं नाही. मी रीत पाळली. कंपनीला कळवलं, पुन्हा कळवलं. उत्तर नाही. शेवटी या मेळाव्यात बोलायचं ठरवलं, तेही कंपनीचं नाव न घेता. सभ्यपणा म्हणून. कंपनी सरांचीच होती. हॉलच्या कोपऱ्यात त्यांचं तसलंच एक यंत्र मांडलेलं होतं, सकाळी त्यांनीच आपलं कार्ड लावून उद्घाटन केलं होतं. आमच्या गळ्यात अडकवलेली ओळखपत्रंही त्यांच्याच कंपनीची, तशीच. माझं कळवलेलं त्यांनी वाचलंच नव्हतं बहुतेक. तालुक्याची मुलगी बोलणार, फोटो चांगला येईल, इतकंच बघितलं असणार.

तर फोन सापडला. सरांच्या गाडीत, चार्जरला लावलेला. त्यांनीच लावला होता, तेच विसरले होते. ड्रायव्हर घेऊन आला. सरांनी तो खिशात टाकला, माझ्या पसाऱ्याकडं बघितलं आणि खांद्यावर थोपटलं.

"मनाला लावून घेऊ नको बेटा. सिक्युरिटीत सगळ्यांवरच संशय घ्यायचा असतो, हे आपलं तत्त्वच हाय. जेव आणि मग मस्त बोल."

मी जेवले नाही. एक एक वस्तू पिशवीत भरली. तेल पुसलं. वायरी गुंडाळल्या. निघून जावं असं वाटत होतं आणि गेले असते तर ते खूश झाले असते. पारधीण पळाली म्हणाले असते. आईचं कार्ड बंदच राहिलं असतं. मी थांबले.

नाव पुकारलं. मी मंचावर गेले. पिशवी सोबत घेऊन गेले आणि मंचावरच्या टेबलावर पुन्हा उपडी केली. स्वतःच्या हातानं. सगळं. पॅडचं पाकीटसुद्धा.

मी म्हणाले, "सर आत्ता म्हणाले की सिक्युरिटीत सगळ्यांवर संशय घ्यायचा असतो. माझी झडती झाली. आता तुमची. आपापल्या पिशव्या पुढं आणा आणि उपड्या करा. तोवर मी बोलणार नाही."

आणि गप्प उभी राहिले.

सुरुवातीला लोक हसले. मग कुजबुजले. मग पिशव्या मांडीवरून पायाखाली गेल्या. भल्या घरची पोरं, सकाळपासून कुलपं उघडणारी, आपापल्या पिशव्या पायांत दाबून बसली होती. कुणी उठलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला ओळखीचं होतं. ते मी आईच्या चेहऱ्यावर बघत मोठी झाले. मला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

सर पहिल्या रांगेतून म्हणाले, वेळ जातोय, विषयावर या. मी म्हटलं, येते. तुमचं कार्ड द्या. चारचौघांत नाही म्हणता येईना, आणि आपल्या मालावर त्यांचा भरवसाही होता. हसत हसत दिलं. मी ते माझ्या यंत्रावर टेकवलं. उचललं. परत दिलं. ते जागेवर बसायच्या आत माझ्या हातातल्या कोऱ्या कार्डावर त्यांची नक्कल तयार होती. मी मंचावरून उतरले, कोपऱ्यातल्या त्यांच्या यंत्राला ते कार्ड लावलं. पडद्यावर सरांचं पूर्ण नाव उमटलं, वडिलांच्या नावासकट. पाणी आलं. मी तांब्या भरला. थेंब सांडू दिला नाही, पाण्याची किंमत मला त्या हॉलमधल्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होती. तांब्या नेऊन त्यांच्यासमोर ठेवला.

"हे पाणी कुणी नेलं? यंत्र म्हणतंय, सरांनी. यंत्र खोटं बोलत नाही म्हणून आमच्या वस्तीची कार्डं बंद केली ना? मग आता ह्यांना चोर म्हणा."

मग मी कंपनीचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. रीत मोडली. ज्यांनी माझ्या बाबतीत कसलीच रीत पाळली नाही, त्यांच्यासाठी मी का पाळू? माइक बंद झाला. मी बिनमाइकचं बोलले. आमच्या घशाला सवय आहे, माळावरून हाक मारायची. आकडा कसा बदलला नाही, नक्कल कशी निघते, वस्तीचं नाव कसं खराब झालं, सगळं बोलले. शेवटी एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझं काही भरून आलं नाही.

पुढच्या आठवड्यात वस्तीची कार्डं सुरू झाली. तांत्रिक सुधारणा झाली असं कंपनीनं कळवलं. तुम्ही चोर नव्हता, असं कुणीही कळवलं नाही. मग सरांचा निरोप आला. नोकरी देतो, पगार चांगला, झालं गेलं विसर. बाप खूश झाला. आमच्या बोलीत बोलला, त्याचा अर्थ असा, "पाणी आलंय, भाकर येऊन राहिली. आता गप ऱ्हा माय. त्यांच्या नादी लागून आपलं कोण जगलंय?"

मी गप्प बसले नाही. जात काढून चारचौघांत अपमान केला, त्याला कायदा आहे. मी पोलीस ठाण्यात गेले. बाप फाटकापर्यंत आला आणि तिथंच थांबला, त्याचे पाय आत पडेनात. त्या दारातून तो जन्मभर ओढून नेला गेला होता. मी पायऱ्या चढले. आतल्या हवालदारानं मान वर केली, कपडे बघितले, नाव आणि जात विचारली आणि सवयीनं म्हणाला, "कशात आणलंय हिला?"

"आणलं न्हाई," मी म्हटलं. "आलेय. फिर्याद द्यायला."

त्यानं वही पुढं ओढली. मग लिहून घ्यायला बसला. नीट लिहीत नव्हता, मी तीनदा लिहायला लावलं. पारधी हा शब्दही, आणि रक्त हा शब्दही, सर बोलले तसाच.

आता केस चालू आहे. तडजोडीला माणसं येतात. वस्तीत चहा पिऊन जातात, सर माफी मागायला तयार आहेत म्हणतात, खोलीत, चौघांसमोर, फोटो नको. मी म्हणते, अपमान करताना माइक होता, माफीला का नको? मग म्हणतात, पोरी, इतका डूख बरा नाही. असू दे. मला तो ठेवायचाच आहे.

माझा आजा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला. माझा बाप राहिला. दोघांनीही काही केलं नव्हतं. मला सरांना त्याच पिंजऱ्यात उभं बघायचंय, ज्यांनी केलंय त्यांना. नाव पुकारलं जाताना, हात बांधून. त्याला किती वर्षं लागतात ते लागू देत. मी फिर्याद मागं घेणार नाही.