बुटकीची ब्रुअरी आणि वरची खिडकी

मी गाडी चालवायला शिकवते. म्हणजे दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ओरडते. त्यामुळे माझा आवाज मोठा आणि सबुरी कमी, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की ही बाई फार तोडून बोलते.

आम्ही तिघी मैत्रिणी, हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो तेव्हापासूनच्या. एक मी. दुसरी मास्तरीण. ती शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं बोलते. तिसरी बुटकी. ही गोष्ट तिची आहे.

बुटकी जेमतेम माझ्या खांद्याला लागते, पण हॉस्टेलच्या रेक्टरबाईंशी भांडायला आम्ही तिलाच पुढे करायचो. पुढे ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. लग्न झालं, संसार चांगला चालला होता आणि एक दिवस नवरा बसल्या जागी गेला. वर्षभर ती कुणाशी धड बोलली नाही. मग अचानक फोन आला, "नोकरी सोडली. खाली बिअर बनवते."

मला वाटलं, झालं, हिचं डोकं फिरलं. खाली म्हणजे घराच्या तळमजल्यावर. तिथे तिच्या सासऱ्यांचा छापखाना होता. यंत्रं गेली आणि टाक्या आल्या. वरच्या दोन खोल्यांत ती आणि तिच्या सासूबाई. दोघींचं दिवसातून चारदा वाजतं, पण एक आल्याशिवाय दुसरी जेवायला बसत नाही.

आणि डोकं फिरलं नव्हतं, बरं का. बिअर चांगली व्हायची. लांबून लोक यायचे. बुटकी पुन्हा हसायला लागली, पुन्हा भांडायला लागली. त्या टाक्यांनी माझी मैत्रीण मला परत दिली, असं मी आजही म्हणते.

तर या वेळी तिने आम्हाला बोलावलं. "शनिवार-रविवार या. इकडे आणखी छोट्या ब्रुअऱ्या निघाल्यात, सगळ्या फिरू. खूप दिवसांत मजा केली नाही." मास्तरणीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. गाडी अर्थातच मी चालवणार. म्हणजे ब्रुअऱ्या फिरायच्या आणि मी पाणी प्यायचं. माझं नशीबच तसं.

शनिवारी सकाळी आम्ही दारात गाडी लावतोय तोच वरच्या खिडकीतून आवाज आला. सासूबाई. गुडघ्यांनी पार दगा दिलाय, जिना उतरता येत नाही, त्यामुळे ती खिडकी हेच त्यांचं अंगण.

"आलात का गं? बऱ्या आहात ना? आधी तुमच्या मैत्रिणीला सांगा, खाली ओल्या पोत्याचा वास मारतोय. जीव नकोसा झालाय!"

"काकू, आल्या आल्या तक्रार?" मी खालून ओरडले.

"मग काय आरती ओवाळू?"

बुटकी दार उघडत हसली. "लक्ष देऊ नकोस. रोजचंच आहे. काल म्हणे सडक्या फळांचा वास, परवा म्हणे जळक्या रबराचा. मी ऐकायचं सोडून दिलंय."

तिने चहा केला. पहिल्याच घोटाला मास्तरणीचे डोळे फिरले. दूध नासलं होतं, घाण वास मारत होता. बुटकी मात्र मजेत पीत होती. "अगं, कसला चहा पितेस हा?" मी कप खाली ठेवला. तेव्हा तिने पातेल्यात डोकावलं, फुटलेलं दूध पाहिलं आणि पटकन सगळं मोरीत ओतलं. "घाईत राहिलं," म्हणाली. मला रागच आला. पाहुण्यांना असा चहा? पण तिचा चेहरा एवढासा झाला होता, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले, यावरून काय ते समजा.

मग तिने खरं कारण सांगितलं. निदान अर्धं.

"मी ब्रुअरी देऊन टाकतेय. दोघंजण घ्यायला तयार आहेत. आज दोघांच्या जागा बघू. कुणाचा हात चांगला आहे ते तुम्ही सांगा. उद्या दुपारी उत्तर द्यायचंय."

मास्तरीण खुर्चीवरून उठलीच. "देऊन टाकतेस? का?"

"कंटाळा आला."

बुटकीला कंटाळा! जी बाई तापात लॅबला जायची, तिला कंटाळा! मला पटलं नाही. पण तिने चावी माझ्या हातात ठेवली आणि जाऊन गाडीत बसली. निघताना अंगावर एवढं सेंट मारलं होतं की मला चारही काचा खाली कराव्या लागल्या.

पहिली ब्रुअरी म्हणजे नुसता झगमगाट. काचेच्या भिंती, आरशासारख्या टाक्या, आणि मालक असा टापटीप की त्याला बिअरपेक्षा आपल्या केसांची काळजी जास्त. मास्तरणीने एक ग्लास घेतला, मग दुसरा घेतला, आणि मग मालकाला टाकीचं घनफळ विचारलं. त्याला सांगता आलं नाही. ती त्याला समजावायला लागली. मी पाणी पीत बसले. बुटकी ग्लास माझ्या नाकाखाली धरत होती. "तू पिऊ नकोस, फक्त वास घे. कसा येतोय?"

"बिअरसारखा."

"अगं नीट सांग ना."

"आता बिअरला बिअरचा वास येणार, नाही तर काय गुलाबाचा?"

ती खट्टू झाली. स्वतः मात्र एकदाही ग्लास नाकाशी नेला नाही.

दुसऱ्या ब्रुअरीचा मालक दाढीवाला. जुन्या गोदामात एकटाच राबणारा. हात पुसून पुढे आला, आणि बुटकी त्याच्या बिअरकडे न बघता थेट मागे गेली. पाइप धुऊन टांगलेत का, फडकी कुठे वाळत घालतोस, गटाराची जाळी काढून घासतोस का. एकेक प्रश्न. तोही बिचारा एकेक दाखवत होता. मास्तरीण माझ्या कानात म्हणाली, "रंग वेगळाच दिसतोय. स्थळ बघायला आलीय की काय?" आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळलो. आज आठवलं की लाज वाटते, पण हसलो खरं.

"हा चालेल," परतताना बुटकी म्हणाली. "स्वच्छ आहे. टाक्यांना जीव लावील." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर दाखवून, हँडब्रेक ओढून, अगदी शिकवल्यासारखी. "आता बोल," म्हटलं. "खरं कारण सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही."

बुटकी बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, "मला वास येत नाही."

थंडीत तिला ताप आला होता. ताप गेला आणि वासही घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात येईल, कदाचित नाही येणार, वाट बघा. बिअर बनवणारीला वास नाही म्हणजे काय, ते तिने आम्हाला सांगितलं. रोज सकाळी टाकीचा नळ थोडा सोडायचा, वास घ्यायचा आणि त्यावरून ठरवायचं, थांबायचं की थंड करायचं की सगळं ओतून द्यायचं. ती आकडे मोजायची, तपमान बघायची, ते तिला येतच होतं. पण बिघाडाची पहिली खबर नाकालाच लागते. मागच्या महिन्यात एक टाकी नासली आणि तिला पत्ताच नाही. लोकांनी ग्लास परत केले. तेव्हापासून तिला एकाही टाकीचा भरवसा वाटेना.

"लोकांच्या तोंडासमोर हसायचं, आणि हातात काय आहे तेच आपल्याला माहीत नाही. मला नाही जमत गं," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मास्तरीणही रडली. मी गाडी सुरू केली, कारण मी रडले असते तर घरी कुणी नेलं असतं?

संध्याकाळी करायला काही नव्हतं आणि बसवत नव्हतं, म्हणून आम्ही तिघींनी तळमजला आवरायला काढला. दाढीवाल्याच्या हातात जागा नीट द्यावी, एवढंच. माल्टची, म्हणजे बिअरच्या धान्याची, पोती सरकवता सरकवता मास्तरीण ओरडली, "ई!" सगळ्यात मागचं पोतं खालून भिजलेलं होतं. भिंतीतून पाणी झिरपत होतं आणि पोत्याला बुरशी धरली होती. आम्ही ते ओढून बाहेर टाकलं, भिंतीला फडकी लावली. वैतागलो, हात धुतले. तेवढंच.

रविवारी सकाळी बुटकी म्हणाली, "शेवटची टाकी बघून घेऊ. तुम्ही दोघी माझं नाक व्हा." तिने नळ थोडा सोडून दोन ग्लासांत घेतलं. मी वास घेतला. मला वाटलं, केळं. मास्तरीण म्हणाली, नेलपॉलिश. मी म्हटलं, तुला काल जास्त झाली. ती म्हणाली, तुझं नाक पेट्रोलने मेलंय. आमचं असं जुंपलं की बुटकीने दोन्ही ग्लास काढून घेतले.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "जमत नाही ते जमत नाही. दाढीवाल्याला हो म्हणते."

आणि वरून आवाज आला.

"अगं ए! आज खाली काय केलंस? काहीच घाण वास येत नाहीये! बरी आहेस ना तू?"

मास्तरीण माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. ओलं पोतं. काल दारात पाऊल ठेवायच्या आधी काकूंनी सांगितलं होतं, ओल्या पोत्याचा वास मारतोय. ते आम्ही काल संध्याकाळी बाहेर टाकलं आणि आज वास नाही.

बुटकीने ग्लास खाली ठेवला. "ती टाकी नासली ना, मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "त्याच्या आधी आई तीन दिवस ओरडत होत्या. सडक्या कोबीचा वास येतोय, सडक्या कोबीचा. मी रेडिओ मोठा केला होता."

मग ती धावली. दोन-दोन पायऱ्या चढत वर, मागे आम्ही. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या. आम्हाला तिघींना धापा टाकताना बघून घाबरल्याच. "काय झालं? काय पेटलं का?"

"आई, तुम्हाला एवढा त्रास होतो तर खिडकी का नाही लावून घेत?"

सासूबाई अशा बोलल्या, जसं काही एखाद्या मंद पोरीला समजावतायत.

"खिडकी लावली तर तू खाली काय करतेस ते मला कळणार कसं? मला काय जिना उतरता येतो? सकाळी भिजल्या धान्याचा वास आला की समजते, उठली. मग तो गोडसर वास येतो, म्हणजे चूल लागली. नंतर ते कडवट कायसं टाकतेस, म्हणजे अर्धं झालं, आता जेवायला येईल. पोरगा गेल्यापासून मी त्याच्यावरच दिवस काढते. आणि थंडीपासून बघतेय, तुझं काही ना काही चुकतंय. कधी करपतंय, कधी नासतंय. तू काही सांगत नाहीस. म्हणून खिडकीतून बोंबलते. नाही तर मला काय हौस आहे?"

बुटकी खाली बसली, त्यांच्या पायांशी, आणि डोकं त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "आई, मला वास येत नाही," ती म्हणाली. सासूबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "अगं वेडे, मग सांगायचं नाही का? मला येतो ना."

मला भरून आलं. मी मोठ्याने नाक शिंकरलं, आणि मास्तरीण म्हणाली, शांततेचा भंग करू नकोस.

पुढचं ठरवायला वेळ लागला नाही. खिडकीला दोरी आणि टोपली आहेच, काकू तीतून सकाळचा पेपर वर ओढतात. आम्ही खाली गेलो. बुटकीने टाकीचा नळ सोडला, स्वच्छ ग्लासात थोडं घेतलं, वर बशी झाकली आणि ग्लास टोपलीत उभा केला.

"मी पिणार नाही हं, सांगून ठेवते!" वरून हाक आली. "या वयात मला नाद लावू नका!"

"पिऊ नका काकू, नुसता वास घ्या!" मी ओरडले. माझ्या आवाजाचा काही तरी उपयोग झाला.

टोपली डुलत डुलत वर चालली होती, तेवढ्यात दाढीवाला आला. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. बिचारा उत्तर घ्यायला आला होता. आम्ही तिघी माना वर करून उभ्या, हे बघून तोही वर बघायला लागला.

"मग? काय ठरलं?" त्याने विचारलं.

बुटकीने खिडकीवरची नजर काढली नाही. खिडकीत सासूबाईंनी बशी उचलली. डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, "पिकल्या केळ्याचा आहे. बरा आहे. पण अजून दोन दिवस हात लावू नकोस." मी मास्तरणीच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

रिकामी टोपली खाली यायला लागली. बुटकीने दुसऱ्या टाकीखाली ग्लास धरला आणि मगच दाढीवाल्याकडे वळली. कितीतरी महिन्यांनी तिचा तो रेक्टरबाईंशी भांडणारा चेहरा मला दिसला.

"बस ना," ती त्याला म्हणाली. "चहा पिऊन जा. आमचं काम चालू आहे."