सयाजीचं दूध आणि पोलिसांची नळी

उचगावच्या सयाजीचा दुधावर फार विश्वास. दारात पाच म्हशी, त्यामुळं असेलही. भाजलं तर दूध, डोळे आले तर दूध, पोरीला गणित सुटेना तर निरसं दूध. शेजाऱ्याचा पंप बंद पडला, तेव्हाही तो तांब्या घेऊनच बघायला गेला होता.

त्याचा दुसरा विश्वास स्वतःच्या जीपवर. भावकीतला एकही नवरदेव दुसऱ्या कुणाच्या गाडीतून मांडवात गेलेला नव्हता. आता तर थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या ऋतुराजचं लग्न महिन्यावर आलेलं. जीप मामाच चालवणार, यात कुणाला शंका नव्हती.

अशात कोल्हापुरात एका पाहुण्याच्या घरी जावळ निघालं. जावळाचं मटण आणि मटणाआधी आग्रह. सयाजी काही रोजचा पिणारा नव्हे, पण आग्रह मोडणं त्याला कधी जमलं नाही. संध्याकाळी तो घरी निघाला, तेव्हा समोरून आलेल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं की पुढं पोलीस उभे आहेत आणि नळीत फुंकायला लावतायत. शहाण्यानं जीप तिथंच लावून रिक्षा केली असती. सयाजीनं जीप गंगावेशीकडं वळवली. तिथं कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि डोळ्यांदेखत पिळलेलं फेसाळ दूध गिऱ्हाइकाच्या हातात येतं. त्यानं उभ्या उभ्या तीन पेले रिचवले, ढेकर दिली आणि तळहातावर फुंकून वास घेतला. वास दुधाचाच होता.

पोलिसांपुढं गाड्यांची गर्दी झाली होती. हवालदारानं त्याच्याकडं न बघताच पुढं जा म्हणून हात केला. पण एवढं दूध फुकट जाणार, हे सयाजीला सोसेना. जीप कडेला लावून तो उतरला आणि म्हणाला, "आमचंबी बघा की."

हवालदारानं नळी पुढं केली. सयाजी असा फुंकला की मिशीवरचा फेस यंत्रावर उडाला. यंत्र केकाटलं. हवालदारानं आधी आकडा पाहिला, मग मिशी.

"पावणं, दूध पोटात गेलंय. दारू रगतात हाय. यंत्राला तुमचा श्वास कळतोय, म्हस न्हाय कळत."

जीप अडकली, लायसन जमा झालं आणि हातात कोर्टाची तारीख आली.

वकिलांनी त्याला नीट समजावलं. पहिला गुन्हा असला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कबूल करा, माफी मागा, जास्त बोलू नका. सयाजीनं मान हलवली. त्याच्या डोक्यात मात्र एकच, ऋतुराजला मांडवात कोण नेणार?

न्यायाधीशबाईंनी गुन्हा कबूल आहे का म्हणून विचारलं.

"कबूल हाय," सयाजी म्हणाला. एवढ्यावर थांबायचं, तर त्याला राहवलं नाही. "पर वरनं दूध पिलतो, बाईसाहेब. तीन पेलं."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. म्हणजे पोलीस पुढं आहेत हे कळलं म्हणून दूध प्यालात आणि तरीही गाडी चालवलीत, असं बाईंनी विचारलं. सयाजीनं प्रामाणिकपणे व्हय म्हटलं. दंड पूर्ण बसला, वर कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसून राहायची शिक्षा. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत आत जाल, असंही बाईंनी बजावलं. लायसन सहा महिने निलंबित झालं.

लग्न तेवढं पुढं ढकलता येईल का, असं त्यानं आक्काला भीत भीत विचारून पाहिलं.

"मुरगूडचं पावणं कशापायी म्हणून इचारतील," आक्का म्हणाली. "म्हशीस्नी इचारा म्हणून सांगू?"

शेवटी दंड भरून सोडवून आणलेली जीप सयाजीच्या पोरीनं, आता कॉलेजात जाणाऱ्या प्रियदर्शनीनं चालवली. मामाचा मान म्हणून तो तिच्या शेजारी बसला. ती चांगली चालवत होती, पण प्रत्येक वळणाला सयाजी आपल्या बाजूच्या पत्र्यावर पाय रोवून ब्रेक दाबत होता. मुरगूड येईपर्यंत पोटरीत असा गोळा आला की उतरल्यावर पाय टेकवेना. दोघांनी बगलेत हात घालून त्याला मांडवात आणलं. नवरीकडचं कुणीतरी हळूच म्हणालं, मामा सकाळीच घेऊन आलेत वाटतं.

सयाजीनं ते ऐकलं. तो लंगडत एकेका पाहुण्यापुढं जाऊन आ करून उभा राहू लागला. नवरीच्या चुलत्यानं मोठ्या अदबीनं वास घेतला आणि काही नाही म्हणून शेजाऱ्याला सांगितलं. अक्षता पडल्या, तेव्हा मामा अजून तिसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांपुढं आ करून उभा होता.