टोपलीखालचं पीठ

सानगडीच्या बाजारातल्या चहाटपरीवर जागेश्वरची जागा ठरलेली होती आणि विषयही ठरलेला: जुने भुताचे सिनेमे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तिकीट लावून व्हिडिओ दाखवायचे, तेव्हापासूनचं हे वेड. टपरीवरच्या दोस्तांपैकी कैलाशला हवेलीतली पांढऱ्या साडीवाली आवडायची, ताराचंदला विहिरीतून हात काढणारा. जागेश्वर दोघांनाही मोडीत काढायचा. "भूत दाखवलं का भेव सरलं गा. जे दिसतच नाही, त्याचंच खरं भेव." या मतावर तो असा अडून बसायचा, की समोरचा चहा निवून जायचा.

त्याची बायको सत्यवती हे सिनेमे त्याच्याजवळ बसूनच पाहायची, म्हणजे डोळ्यांवर पदर घेऊन ऐकायची. मध्येच विचारायची, "गेली का?" तो मुद्दाम "गेली" म्हणायचा, ती पदर काढायची आणि किंचाळायची. मग अबोला. पुढच्या सिनेमाला मात्र पुन्हा शेजारी हजर.

ऐन धानकापणीत साध्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. रिवाजाप्रमाणे जिथे तिचा जीव गेला, तिथे पीठ चाळून पसरलं, वर टोपली झाकली. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं, त्याचा ठसा सकाळी पिठात उमटतो म्हणतात. जागेश्वर असल्या गोष्टींना हसणारा. पण टोपली उचलताना सगळ्यांच्या पुढे तोच वाकला होता. मुंगीचं पाऊलसुद्धा चाललं असतं त्याला. पीठ सपाट होतं.

"सुटली बिचारी जन्माच्या फेऱ्यातून," त्याची बहीण धुरपता म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. त्याला नाही.

महिन्याभराने तो टपरीवर आला. कैलाश आणि ताराचंद मळणीबद्दल बोलत राहिले. भुताचं नाव कोणी काढेना. आपल्याला जपताहेत हे त्याला कळत होतं आणि तेच सोसवत नव्हतं.

"काहून गा, सिनेमे सरले का तुमचे?"

ताराचंदने आणखी एक चहा सांगितला.

"माहंच मत खरं निघालं," जागेश्वर म्हणाला. "टोपली उचलली, तं पीठ जसंच्या तसं. काहीच नाही त्यात. असं भेव मले कोणत्याच सिनेमात नाही वाटलं." मग तो कैलाशकडे वळला. "तुही पांढऱ्या साडीवाली बरी, कैलाश. वापस तरी येते."

इतक्या वर्षांनी कैलाशचं भूत जिंकलं होतं. त्याने जागेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला.