सूर्यभानरावांची हवा

सिकंदराबादेत रेल्वेच्या ब्रेकखात्यात उभी हयात काढून सूर्यभानराव निवृत्त झाले आणि त्यांनी मंडपाचा धंदा काढला. एक जुना ट्रक, त्याच्या मागे जनरेटरचा ट्रेलर. ट्रक बिचारा गुणी होता. ट्रेलरच्या चाकांतली हवा मात्र हळूहळू उतरायची. एकदा अफझलगंजच्या पुलाजवळ भर गर्दीत चाक बसलं, मागच्या बसवाल्यांनी पूर्वजांचा उद्धार केला, आणि घरी येताच सूर्यभानरावांनी जाहीर केलं, "आता हवेचं मशीन आपलं स्वतःचं."

मुलगा प्रज्ञेश सॉफ्टवेअरमध्ये. त्याने आठवडाभर व्हिडिओ पाहून जेवणाच्या डब्याएवढा पंप मागवला.

"पप्पा, यावर दाब दीडशे लिहिलाय. आपल्याला एकशेदहा पुरे."

पंप बॅटरीला जोडला. तो माशीसारखा गुणगुणू लागला. पत्नी विमलाबाईंनी चहा केला, सगळ्यांनी प्यायला, कप विसळले. टायर होता तसाच. शेवटी पंपच तापून बंद पडला.

सूर्यभानराव खुलले. "अरे, नुसता दाब बघून काय करतोस? मिनिटाला हवा किती फेकतो ते बघ. न थांबता किती वेळ चालतो, नळी शेवटच्या चाकापर्यंत पोचते का, ते बघ. आकड्याला भुलायचं नसतं."

बोलणं सोळा आणे खरं होतं. दुकानातही ते हेच बोलले. दुकानदाराने बरोब्बर तसंच, एका माणसाला उचलता येईल असं मशीन पुढे ठेवलं. पण त्याच्या मागे एक लालभडक, पोटात मोठी टाकी असलेलं धूड उभं होतं. आकड्याला न भुलणारे सूर्यभानराव रंगाला भुलले.

"हे पोर्टेबल आहे का?"

"हौ साब, पहिये हैं ना इसकू!" दुकानदार म्हणाला.

धूड घरी आलं. चौघांनी उतरवलं. ट्रकमध्ये ते चढवलं की मंडपाचे खांब मावेनात, म्हणून मशीन व्हरांड्यातच राहिलं. मग काय, कॉलनीत सूर्यभानरावांची हवा झाली! शेजारचे नागसेन बँकेत निघण्याआधी स्कूटर घेऊन येत. "जयभीम, काका. जरा हवा." काका खाकी शर्टाच्या खिशातून मापक काढत, डॉक्टरसारखे चाकाजवळ वाकत आणि "मागच्यात कमी आहे, काळजी घ्या," असं गंभीरपणे सांगत. मशीन सुरू झालं की घराच्या खिडक्या थरथरत. विमलाबाईंनी स्वयंपाकघरात खुणांनी बोलायची सवय लावून घेतली.

अशात चिक्कडपल्लीचं लग्न आलं. हॉल अजून लांब होता, आणि ट्रेलरचं चाक पुन्हा बसलं. सूर्यभानरावांनी घरी फोन लावला.

"विमल, मशीन ताबडतोब पाठव!"

"पाठवते की. पण कशात?"

सूर्यभानरावांनी विचार केला. ते आणायला ट्रकच हवा होता.

तिकडे वधूपिता दिलीपराव हळदीची वेळ टळेल म्हणून फोनवर फोन करत होते. शेवटी स्वतःच येऊन ट्रकपाशी उभे राहिले. तेवढ्यात विमलाबाईंचा फोन मिळाल्याने प्रज्ञेश ऑफिसातून रजा टाकून आला. वाटेत दुकानात थांबून त्याने दुकानदाराने आधी पुढे ठेवलेलं ते छोटं मशीन आणलं होतं. त्याने ट्रेलरवरचा जनरेटर सुरू केला, नळी लांबवली. बघता बघता चाक उठलं.

दिलीपरावांचा जीव भांड्यात पडला. "झकास आहे हो मशीन! कुठलं घेतलं?"

प्रज्ञेशने तोंड उघडलं, पण सूर्यभानरावांनी आधीच मशीनवर हात ठेवला होता.

"निवडायला जरा वेळ लावला," ते म्हणाले, "पण पारखून घेतलं."

प्रज्ञेश नळी गुंडाळू लागला.