शरयूबाईंचे पान पाहणारे

शरयू आगाशे यांच्याविषयी त्यांच्या शाळेत दोन गोष्टी अजून सांगितल्या जातात. पहिली अशी की, साताऱ्यात स्वतःचे संकेतस्थळ काढणाऱ्या त्या पहिल्या चित्रकार. दुसरी अशी की, त्यांची चित्रे अमेरिकेत हातोहात खपत. पहिलीला आधार सापडत नाही. अशी नोंद ठेवण्याचे कोणाला सुचलेच नव्हते. दुसरी खरी नाही. अमेरिकेत त्यांचे एकच चित्र गेले, आणि तेही मयूरी नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने आपल्या सामानातून नेले. प्रत्यक्षात जे घडले ते याहून बरेच लहान आहे. त्यातला मोठा भाग सायबर कॅफेवाले लालासाहेब यादव यांच्या सांगण्यावर उभा आहे, आणि बाईंनी त्याला मोजक्या शब्दांत दुजोरा दिलेला आहे.

बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. लग्न झालेले नव्हते. आईवडील गेल्यावर यादोगोपाळ पेठेतल्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहत. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि झोप, बाहेरच्या खोलीत काम. काम म्हणजे ठशांची चित्रे. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र उलटे कोरायचे, छापखान्यातून आणलेली काळी शाई रुळाने लावायची, वर किंचित ओलावलेला कागद पसरायचा आणि भात वाढायच्या डावाच्या पाठीने तो सावकाश घासायचा. कागद उचलला की चित्र. त्यांचे विषयही घासूनपुसून घेतल्यासारखे साधे असत: हळदीच्या बाजारातला वजनकाटा, न्हाव्याची रिकामी खुर्ची, महाबळेश्वरच्या पावसात ताडपत्री पांघरून ओळीने उभ्या असलेल्या टॅक्सी.

ही चित्रे विकत घ्यावीत असे फारसे कोणाला वाटत नसे, आणि त्याचे कारण चित्रांच्या बरेवाईटपणात नव्हते. पुण्यातल्या एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी टॅक्सींचे चित्र पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, "म्हणजे हे छापलेलं आहे?"

"हो. मी स्वतः, हाताने."

"पण छापलेलंच ना? अहो, छापील चित्र आमचा किराणावाला दर दिवाळीला फुकट देतो. खाली तारखासुद्धा असतात."

बाईंनी त्यानंतर प्रदर्शन भरवले नाही.

मयूरी तेव्हा सांगलीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होती. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत ती बाईंना भेटायला आली आणि भिंतीला टेकवून ठेवलेले गठ्ठे पाहून म्हणाली, "बाई, आपण तुमचं दुकान काढू या. इंटरनेटवर."

"आणि दुकानात बसणार कोण?"

"कोणीच नाही. तीच तर गंमत आहे."

पुढचे काही महिने बाई सुट्टीच्या दिवशी एसटीने सांगलीला जात राहिल्या. तिथल्या एका डीटीपीवाल्याकडे चित्रे संगणकात उतरवून घ्यायची, मयूरीने ती फ्लॉपीवर भरायची आणि एका मोफत सेवेवर चढवायची, असा क्रम होता. मराठी अक्षरे दुसऱ्याच्या संगणकावर गेली की त्यांचे भलतेच चौकोन आणि आकडे होत. त्यावर बाईंनी उपाय काढला: चित्रांची नावेही लिनोलियममध्ये उलटी कोरली, छापली, आणि ती अक्षरे चित्र म्हणूनच पानावर ठेवली. सांगलीत राहणाऱ्या त्यांच्या भावाला हा सगळा उद्योग कळला तेव्हा तो म्हणाला, "अगं, विकायचंच असेल तर गणपती पेठेत एखादा गाळा घे. निदान बेदाण्याचे व्यापारी तरी सावलीला आत येतील."

दुकान चालवण्याची रीत पानावर इंग्रजीत दिलेली होती. ज्याला चित्र हवे त्याने ई-मेल लिहावी आणि बँकेचा ड्राफ्ट टपालाने पाठवावा. ड्राफ्ट वटला की बाई चित्राची गुंडाळी करून वायरिंगसाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत सरकवत, दोन्ही तोंडे कापडाने शिवत आणि रजिस्टर टपालाने रवाना करत. पहिल्या वर्षात अशा नळ्या फार थोड्या गेल्या. बहुतेक पुण्यामुंबईला, एक बडोद्याला.

पानाच्या तळाशी मयूरीने एक आकडा बसवून दिला होता. "कोणी पान उघडलं की हा एकाने वाढतो," तिने समजावले. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात ती नोकरीसाठी परदेशी गेली, आणि बाईंजवळ तेवढा आकडा राहिला.

लालासाहेब यादव हे मूळचे वडूजचे. सैन्यात सिग्नल विभागात हवालदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी पोवई नाक्याजवळ सायबर कॅफे काढला. सहा यंत्रे, प्रत्येकाला प्लायवूडचा आडोसा आणि पुढे पडदा. त्यांच्या मुलीला बाईंनी इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसवले होते आणि तिला 'अ' श्रेणी मिळाली होती. त्यामुळे कॅफेत बाईंचा शब्द खाली पडत नसे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या येत. कोपऱ्यातले यंत्र त्यांच्यासाठी राखलेले असे आणि त्यावर त्यांचे पान आधीच उघडून ठेवलेले असे. बाई तो मालकांचा शिष्टाचार समजत.

"या बाई. तुमचं दुकान उगडून ठिवलंय," लालासाहेब म्हणत. "गिऱ्हाईक आलं तर च्या सांगू का?"

आकडा पावसाळ्यापर्यंत रखडत चालला होता. गणपतीनंतर तो पळू लागला. एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत शेकड्यांनी फरक पडू लागला. ई-मेल मात्र वाढल्या नाहीत. बाईंनी याचाही अर्थ लावला होता: माणसे आधी पुन्हापुन्हा पाहतात, मग घ्यायचे ठरवतात, शिवाय ड्राफ्ट काढण्यासाठी बँकेत उभे राहणे कोणाला आवडत नाही. हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. फक्त तो कशावरही तपासलेला नव्हता.

एकदा त्यांनी लालासाहेबांना विचारलेही, "कोण असतील हो ही माणसं?"

"असत्याल की बाई. दुनिया लय मोठी हाय."

या काळात बाईंच्या कामात जो फरक पडला तो ठशांवरून दिसतो. पूर्वी त्या वर्षाला दोनतीन ठसे कोरत. आता दर महिन्याला एक नवे चित्र पानावर येऊ लागले. त्याखाली दोन-चार ओळीही येऊ लागल्या: हा कागद कसा ओलावला, ही रेघ कुठे चुकली आणि तशीच का ठेवली. शाळेत किंवा शेजारी त्या असे कधी बोलल्याचे कोणाला आठवत नाही. घरी बोलायला कोणी नव्हतेच. त्या ओळी आकड्यातल्या माणसांसाठी होत्या. बाहेरच्या खोलीत एकटीने कागद घासताना, आपल्या हाताकडे कोणीतरी पाहत आहे असे वाटे, एवढे बाईंनी पुढे एकदा कबूल केले.

नोव्हेंबरात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. संस्थेचे चिटणीस विष्णुपंत यांनी तो दोनदा वाचला.

"बाई, मुदतीआधी गेलात तर पेन्शन फार कमी बसेल."

"ठाऊक आहे."

"घरी कोणी आजारी वगैरे?"

"घरी कोणी नाही."

"मग एवढ्या रिकाम्या वेळाचं करणार काय?"

"माझी चित्रं बघणारी माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्यासाठी काम करीन."

विष्णुपंतांना कोणती माणसे ते कळले नाही. विचारणे त्यांना बरे वाटले नाही. अर्ज डिसेंबरच्या शेवटी कार्यकारिणीपुढे ठेवायचे ठरले. एकदा मंजूर झाला की परतीचा रस्ता नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅफेत एक प्रकार झाला. पडद्याआड बसून काही मुले नको ती चित्रे पाहत असल्याचे लालासाहेबांच्या लक्षात आले. त्यांनी मुलांना हाकलले आणि त्याच झटक्यात सगळे पडदे आणि प्लायवूडचे आडोसे उपटून काढले. "बराकीला कवा पडदं असत्यात व्हय?" असे ते नंतर आलेल्या प्रत्येकाला ऐकवत होते.

त्या शनिवारी बाई आल्या तेव्हा खोली उघडी होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून प्रथमच साऱ्या यंत्रांचे स्क्रीन दिसत होते. एक कॉलेजचा मुलगा येऊन शेजारी बसला. त्याने ब्राउझर उघडला, आणि टॅक्सींचे चित्र वरून खाली उतरू लागले. तेव्हा लाइन संथ असे; आधी आभाळ, मग झाडांचे शेंडे, मग ताडपत्र्यांच्या कडा. टॅक्सींची चाके दिसायच्या आत त्याने दुसरा पत्ता टंकला आणि चित्र गेले. पलीकडे एक मुलगी परीक्षेचा निकाल पाहायला आली होती. तिच्याही समोर आभाळ उतरले. ती पर्समध्ये नंबराची चिठ्ठी शोधत राहिली. मग दोन मित्र एकाच खुर्चीवर दाटीवाटीने बसले.

"हे काय रे? कुणाचंय?"

"काय नाय, असंच येतं इथं. थांब, जाईल."

नेहमीसारखी बाईंनी ई-मेल पाहिली नाही. गर्दी ओसरल्यावर त्या लालासाहेबांच्या टेबलाशी आल्या.

"सगळ्या मशीनवर माझंच पान येतं?"

"व्हय तर!" लालासाहेबांचा चेहरा उजळला. "माजी ऑर्डरच हाय तशी. मशीन सुरू झाली की पयलं बाईंचं पान, मंग ज्येला जिकडं जायाचं तिकडं जा."

"कधीपासून?"

"गणपती झाल्यापास्नं. तुमचा आकडा लय मुंगीवानी चालला हुता न्हवं का? तुमी यायचा, त्येच्याकडं बघायचा आन् गप्प बसायचा. म्या म्हणलं, आपल्या हातातलं काम हाय, करू की. लायनीवर भार पडतोय थोडा. पडू दे."

"मला बोलला नाहीत कधी."

"सांगायचं काय त्यात? तुमच्या म्होरं बी त्येच पान उगडतंय की दर शनवारी." बाईंनी यंत्रांच्या रांगेकडे वळून पाहिले, तेव्हा ते थोडे बावरले. "आवं बाई, जाहिरात न्हवं का ती? एस्टी स्टँडवर बोर्ड लावत्यात, कोण वाचतंय? पर लावत्यात. काय चुकलं का माजं?"

"नाही. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

"पोरं बघत न्हाईत, ते खरं हाय. पर आकडा वाढतोय की."

"ते काढून टाका, लालासाहेब."

"काढू म्हणता? मंग आकडा हाय तिथंच बसंल."

"बसू दे."

त्यांनी बाईंच्या देखतच एकेका यंत्राशी जाऊन ते काढले. पुढच्या शनिवारी आकडा तिथेच होता. बाईंनी स्वतः दोनदा पान उघडले तेवढा पुढे सरकला. ती वाढ त्यांनी मनातल्या मनात वजा केली. तेव्हापासून ही वजाबाकी त्यांच्या सवयीची झाली. गणपतीपासून चढलेल्या आकड्यातले किती खरे आणि किती कॅफेतले, हे वेगळे करण्याचा मात्र मार्ग नव्हता. चित्रांखालच्या ओळींतून ज्यांच्याशी त्या बोलत होत्या त्यांतले कोणी कधी होते की नव्हते, हेही त्यामुळे ठरवता येईना.

कार्यकारिणीच्या सभेआधी दोन दिवस त्या विष्णुपंतांकडे गेल्या आणि अर्ज परत मागितला. कारण सांगितले नाही. विष्णुपंतांनी कपाटातून कागद काढून दिला आणि खरोखरीच्या समाधानाने म्हणाले, "फार बरं केलंत. स्नेहसंमेलनाचा पडदा यंदा कोण रंगवणार, ही मला काळजीच लागली होती. किल्लाच काढा हं, दरवर्षीसारखा. मुलींना ओळखीचा वाटतो."

बाईंनी किल्ला काढला.

नवे चित्र दर महिन्याला येणे थांबले, पण दुकान त्यांनी बंद केले नाही. शनिवारचे येणेही चालू राहिले. लालासाहेब बाईंना थोडे जपून असत. च्या-गिऱ्हाइकाची थट्टा त्यांनी सोडली होती. जानेवारीत कधीतरी त्यांनी टेबलावरूनच विचारले, "कितीनं वाढला आज?"

"एकाने."

"तुमी सोडून?"

"मला सोडून."

"मंग हाय की कोनतरी!"

बाई मान हलवून ई-मेल पाहू लागल्या. ई-मेल नव्हती. तो एक पुढेही राहिला. दर आठवड्याला नव्हे, पण बहुतेक आठवड्यांत. तो कोण, हे आता कळणार नाही. मोफत सेवा बंद पडली आणि तिच्याबरोबर पानही गेले. मयूरी असू शकते. आपण अधूनमधून पाहत होतो, असे ती सांगते, पण कधी ते तिला आठवत नाही. दुसरी शक्यता उघड आहे. लालासाहेबांना ती विचारली तेव्हा ते आधी हसले आणि मग ठासून म्हणाले, "बाईंनी काढा म्हणलं, तवा काढलं. परत हात लावला न्हाई." त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि न ठेवायला कारणेही आहेत. बाईंनी हा प्रश्न त्यांना कधीच विचारला नाही.