सुरुंगाचा डोह

ऐंशीच्या सुमाराला मी बेळगावात एका दवाखान्यात नर्स होते. वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली आणि आम्ही बेळगावच्या अनगोळ भागात राहायला आलो. अण्णाला डोंगर चालायचं वेड होतं. जोडून सुट्टी आली की त्याचे तीन-चार मित्र, एक जाड दोर आणि मी, असे आम्ही जांबोटीपर्यंत बसनं जायचो आणि तिथून जंगलात शिरायचो. मी अण्णाची जुनी पँट कमरेला सुतळीनं आवळून घालायचे. गल्लीत त्यावरून काय काय बोललं जायचं ते इथं लिहीत नाही.

अण्णाचे नियम कडक होते. ज्या गावात मुक्काम, तिथंच जेवायचं. तांदूळ, नाचणी तिथलीच विकत घ्यायची. वाट दाखवायला तिथलाच माणूस. ओलं लाकूड तोडायचं नाही, नदीत साबण लावायचा नाही. मित्र चिडवायचे, "जंगलात आलोय का देवळात, रं?"

एका गावात आडनाव विचारून आम्हा दोघा भावंडांची ताटं ओसरीखाली मांडली. तिथं आम्ही पुन्हा गेलो नाही. नदीकाठच्या बारा-पंधरा घरांच्या दुसऱ्या एका गावात मात्र वाटाड्याच्या बायकोनं काही विचारलं नाही. ताट पुढं सरकवून एवढंच म्हणाली, "भात गार होतोय." मी तिला आक्का म्हणू लागले आणि ते गाव आमचं झालं.

तिचा नवरा, आमचा वाटाड्या, तिशीतला, काटक माणूस. धबधब्याच्या कड्यावरनं दोर सोडून आम्हाला खाली उतरवायचा, स्वतः मात्र नुसत्या हातांनी उतरायचा. त्याचा दुसरा धंदा आम्हाला उशिरा कळला. गावाखालच्या डोहावर रविवारी शहरातनं ट्रक यायचा. दारू, कोंबड्या, मोठ्यानं रेडिओ. ते लोक दगडाच्या खाणीतले सुरुंगाचे तोटे, म्हणजे स्फोटकाच्या कांड्या, घेऊन यायचे. आमचा वाटाड्या वात पेटवून तोटा डोहात फेकायचा. धडाका झाला की पांढरी पोटं वर करून मासे तरंगायचे, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. मोठे पोत्यात जायचे, पिल्लं काठावर सडायची.

अण्णानं त्याला समजावायचा प्रयत्न केला. "असं केलंस तर दोन वर्षांत डोह मरंल की."

"तुमी म्हैन्यातनं एकदा येता, अण्णा," तो म्हणाला. "त्यो ट्रक दर रविवारी येतोय. मी काय खाऊ?"

परत येताना बसमध्ये अण्णा मित्रांना म्हणाला, "आपण पाचजण येऊन भागणार न्हाय. डोंगर चालायला आणखी माणसं आणली पायजेत. दर रविवारी."

ते जमायच्या आतच, हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी, आम्ही आक्काच्या अंगणात चहा पीत होतो. खालून धडाका ऐकू आला. नेहमीचा पाण्यातला धडाका दबका असायचा. हा उघड्यावरचा होता. आक्काच्या हातातली पेली खाली पडली. ती धावत सुटली, तिच्यामागं आम्ही.

वात आखूड होती. तोटा हातातच फुटला होता. वाटाड्या काठावरच्या खडकाला टेकून बसला होता आणि उजव्या मनगटाच्या पुढं काहीच नव्हतं. हाडाचं पांढरं टोक दिसत होतं आणि रक्ताची चिळकांडी खडकावर उडत होती. अर्धा चेहरा काळा पडलेला. तो ओरडत नव्हता. "बोटं कुटं गेली बघा की," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या डोक्याचं मुंडासं ओढलं, कोपराच्या वर बांधलं, त्यात काटकी घालून पिळलं. पिळताना तो पहिल्यांदा ओरडला. ती चिळकांडी थांबेपर्यंत मी पिळत राहिले.

ट्रकवाले तेव्हाही पाण्यात उभे राहून मासे गोळा करत होते.

अण्णा त्यांच्याकडं पळाला. "ट्रक द्या. दवाखान्यात न्यायला पायजे."

त्यांच्यातला म्होरक्या लाल स्वेटर घातलेला होता. खाणीवरचा मुकादम असावा. तो म्हणाला, "पोलीस केस हुईल. आमाला त्यात घालू नका." त्यांनी पोती वर चढवली आणि ट्रक निघून गेला. टपटप गळणारं मासळीचं पाणी रस्त्यावर दिसत राहिलं.

आम्ही घोंगडी बांबूला बांधून झोळी केली. चौघं आळीपाळीनं खांदा देत होते, मी बाजूनं चालत दर थोड्या वेळानं गाठ सैल करून पुन्हा आवळत होते. जांबोटीला एक टेम्पो मिळाला. वाटाड्या वाचला. हात मात्र कोपराखाली कापावा लागला.

त्याला घरी सोडायला गेलो तेव्हा गाव जमलं होतं. आता डोहात तोटा पडणार नाही, असं ठरलं. बोलणारा एकच, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. "नदी आमची हाय. हात बी आमचा गेलाय," तो म्हणाला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी पट्टी बदलायला गेले होते, अण्णा आणि मित्र बरोबर. ट्रक आला. गावाबाहेर रस्त्यावर धोंडे रचलेले, पुढं म्हातारा उभा. लाल स्वेटरवाला उतरला, बरोबर सहाजण. म्हाताऱ्यानं हात जोडले. "परत जावा. हितं आता मासं मारायचं न्हाय."

त्यानं म्हाताऱ्याच्या कानफटात मारली. म्हातारा पडला, त्याचं डोकं धोंड्यावर आपटलं.

मग कुणी कुणाला आवरलं नाही. गावकऱ्यांनी काठ्या काढल्या, ट्रकवाल्यांनी लोखंडी पाना आणि बाटल्या. फुटलेली बाटली एकाच्या गालातनं आरपार गेलेली मी पाहिली. अण्णा मध्ये पडला आणि पाना त्याच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. लाल स्वेटरवाला दुसऱ्यांदा पाना उचलत होता. त्याची पाठ माझ्याकडं होती. मी दोन्ही हातांनी दगड उचलून त्याच्या डोक्यात घातला.

तो गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. पाना हातातनं सुटला. मी दगड परत उचलला आणि परत घातला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा आक्कानं माझ्या दंडाला कडकडून धरलं. "मरंल गं त्यो! पोरी, मरंल!"

दगड मी सोडला. त्यांचा धनी पडल्यावर बाकीचे मागं सरले. मग मी माझी पेटी आणली. आधी म्हाताऱ्याच्या डोक्याला पट्टी बांधली, मग लाल स्वेटरवाल्याच्या डोक्यावरचे केस कापले, जखम धुतली, पट्टी बांधली. दगड घातलेले तेच हात. त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं नाही, कुणी मारलं हे त्यानं पाहिलंच नव्हतं. "पाणी दे, आक्का," तो मला म्हणाला. मी पाजलं. "देव तुजं भलं करू दे," म्हणाला. त्याच्या माणसांनी त्याला ट्रकमध्ये घातलं.

पोलीस आले आणि गावातल्या चौघांना ठाण्यावर नेलं. तीन दिवस ठेवलं. परत आले तेव्हा एकाला पायावर उभं राहता येत नव्हतं, तळव्यांवर वळ होते. दगड कुणी घातला हे चौघांनाही माहीत होतं. एकानंही सांगितलं नाही. मी त्यांच्या पायांना मलम लावलं. खरं सांगायला मी ठाण्यावर जाईन म्हटल्यावर आक्का भडकली. "तू आत गेलीस तर हितं पट्ट्या कोण बांधणार?"

मी गेले नाही. दगड माझा होता, हे मी आजवर गावाबाहेर अण्णाशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं.

ट्रक पुन्हा आला नाही. खालच्या अंगाला दुसऱ्या एका गावाच्या डोहावर जाऊ लागला, असं कानावर आलं. आमच्या गावात मात्र अण्णानं माणसं आणलीच. कॉलेजातले, बँकेतले, शिक्षक, एकदा तर हुबळीचं एक नवरा-बायकोचं जोडपं. सगळे जांबोटीहून चालत यायचे. जेवण घराघरातनं पाळीनं. वाटाड्या एका हातानं दोर बांधायला शिकला, दाताची मदत घेऊन. तीन पावसाळ्यांनंतर डोहात हाताएवढी वांब, सापासारखी लांब मासळी, दिसली म्हणून गावानं ती बघायला आम्हाला ओढत नेलं होतं. अण्णाचं हाड वाकडं जुळलं. त्याला पाठीवर ओझं घेता येईना, पण चालायचा.

एकदा कड्याच्या वाटेवर मी आणि वाटाड्या पुढं होतो. त्यानं मागं न बघताच विचारलं, "बाई, त्या दिवशी मी अंगणातनं बघत हुतो. येक दगड अण्णासाठी घातलासा. त्यो पडल्यावर दुसरा कशाला घातलासा?"

मी खरं तेच सांगितलं. "बरं वाटलं म्हणून."

तो थांबला. वळून माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि पुढं चालू लागला. पुढच्या उतारावर दगड निसरडे होते. तिथं त्यानं त्याचा उरलेला हात मागं केला आणि मी तो धरला.